वाचक विचारतात : तिरुक्कुरळमधला मित्र

प्रश्न : तिरुक्कुरळचा अनुवाद वाचते आहे. मैत्रीवरचे अध्याय राज्यकारभाराच्या भागात कसे? ते सद्गुणांच्या भागात असायला हवे होते ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ ग्रंथात कवी तिरुवळ्ळुवरांचे एकूण १,३३० कुरळ आहेत. प्रत्येक कुरळ दोन ओळींचा, आणि दहा-दहा कुरळांचा एक अध्याय. अशा १३३ अध्यायांपैकी ३८ धर्माचे, ७० अर्थाचे, म्हणजे राज्यकारभाराचे, आणि २५ कामाचे. अर्थाचा भाग ३८१व्या कुरळाने सुरू होतो आणि तिथेच राजाची सहा अंगं सांगितली आहेत : सैन्य, प्रजा, धान्य, मंत्री, मित्र आणि दुर्ग. कौटिल्याने सांगितलेल्या राज्याच्या सात अंगांतही (सप्तांगात) मित्र आहेच, फक्त तिथे राजाला धरून सात होतात. म्हणून मैत्रीचे अध्याय, ७९ ते ८३, या भागात आले.

मात्र ते वाचताना राजा जवळजवळ विसरायला होतो. नेसूचं सुटू लागलं की हात आपोआप तिकडे धावतो, मैत्री तशी संकटात धावते, असं ७८८वा कुरळ म्हणतो. हे राजालाच कशाला, कुणालाही लागू आहे. आता ७८४ आणि ४४८ शेजारी ठेवून वाचा. मैत्री हसण्याखिदळण्यासाठी नसते, मित्र वाट सोडू लागला तर पुढे होऊन त्याला खडसावण्यासाठी असते, हा पहिला. खडसावणारी माणसं ज्याच्याजवळ नाहीत तो राजा शत्रू नसतानाही बुडतो, हा दुसरा. कानाला कडू लागणारे बोल सोसणाऱ्या राजाच्या छत्राखाली जग नांदतं, असं ३८९ सांगतो. चांगला मित्र आणि चांगला मंत्री यांचं मुख्य काम वळ्ळुवरांच्या लेखी एकच आहे. त्यामुळे मला तरी ही मांडणी अगदी योग्य वाटते.

प्रश्न : जवळचा मित्र धंद्यात भागीदारी मागतो आहे. त्याची पारख करणं म्हणजे अविश्वास दाखवणं होईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. पारख न करता मैत्री जोडण्याइतकं घातक काही नाही, असं ७९१ स्पष्ट सांगतो, कारण एकदा जोडली की ती सोडवता येत नाही. काय पाहायचं, तेही ७९३मध्ये आहे : स्वभाव, घराणं, दोष आणि त्याच्याभोवतीची माणसं. दोष विचारायला आपण लाजतो आणि घोटाळा नेमका तिथे होतो.

क्रम मात्र उलटू देऊ नका. पारखल्याशिवाय विश्वास टाकणं आणि विश्वास टाकल्यावर संशय घेणं, दोन्ही न संपणारं दुःख देतात (५१०). आपल्याकडे बहुतेक भागीदाऱ्या याच क्रमाने मोडतात : सुरुवातीला ‘आपल्यात कसला कागद?’ आणि वर्षभराने चोरून वह्या तपासणं. म्हणून आधी एखादं लहान, मुदतीचं काम एकत्र करा आणि त्याचा हिशेब पूर्ण मिटवा. मग ५१७ जसाच्या तसा कागदावर उतरवा : हे काम, या साधनाने, हा माणूस पार पाडील. प्रत्येक कामापुढे नाव, लागणारं भांडवल आणि मुदत लिहा. हे ठरल्यावर ते काम त्याच्यावर सोपवायचं, असं तोच कुरळ सांगतो. ठरलेल्या तारखेला दोघांनी मिळून हिशेब पाहावा, मधेच उठून झडती घेऊ नये.

जुन्या मैत्रीत मित्राने हक्काने काही केलं तर ते गोड मानून घ्यावं, असं ८१व्या अध्यायात आहे. ते घरोब्यापुरतं घ्या. गल्ल्यातून न विचारता पैसे उचलण्याला त्याचा आधार देऊ नका.

प्रश्न : मोबाइलवर वळ्ळुवरांच्या नावाने सुविचार येतात. खरे कसे ओळखायचे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पाठवणाऱ्याला कुरळचा क्रमांक विचारा. क्रमांकातला शेवटचा आकडा काढा आणि उरलेल्यात एक मिळवा की अध्याय मिळतो. ४४८ म्हणजे ४५वा अध्याय. शेवटी शून्य असेल तर एक मिळवायचा नाही, ५१० हा ५१व्यातलाच. मग छापील प्रतीत ताडून पाहा. साने गुरुजींनी मराठीत अनुवाद केलेला आहे. एखादा कुरळ एक-दोन क्रमांक मागेपुढे सापडला तर लगेच खोटा ठरवू नका. आज रूढ असलेला क्रम परिमेलळगर या टीकाकाराचा आहे, जुन्या टीकांमध्ये तो काही ठिकाणी वेगळा आहे. पूर्ण अध्यायात मात्र तो अर्थ कुठेच नसेल, तर पुढे पाठवू नका.