लोडशेडिंग, इन्व्हर्टर आणि शेतातली मोटर

प्रश्न (वडूज, जि. सातारा) : आमच्याकडे दिवसातून चार-पाच वेळा लाईट जाते. दोन वर्षांपूर्वी घेतलेली १५० अँपियर-अवरची (एएच) ट्यूब्युलर बॅटरी आता पाऊण तासातच बसते. त्यावर तीन पंखे, चार एलईडी ट्यूब आणि टीव्ही आहे. दुकानदार २२० ची घ्या म्हणतो. घ्यावी का?

उत्तर : आत्ता तरी घेऊ नका. रिकामी झालेली १५० ची बॅटरी १५ अँपियरने भरायला सलग बारा तास लागतात. तुमच्याकडे मध्येच लाईट जात असल्यामुळे ती कधी पूर्ण भरतच नसणार. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ताकद उतरत जाते. त्याच इन्व्हर्टरवर २२० ची लावली, तर भरायला आणखी पाच-सहा तास लागतील आणि तिचीही गत हीच होईल.

आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. ते ‘यूपीएस’वर असेल तर साधारण १८० व्होल्टच्या खाली इन्व्हर्टर लाईन घेतच नाही. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, तेव्हा शेजाऱ्यांकडे लाईट असते आणि तुमचं घर मात्र बॅटरीवर चालू राहतं. बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत राहते, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. घरात कॉम्प्युटर नसेल तर बटण ‘इको’ किंवा ‘वाइड’वर ठेवा.

मग पाणी. डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं नको, आरओचंही नको, आणि ॲसिड तर कधीच नाही. पाणी घालायचं ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते आणि आधीच काठोकाठ भरलेलं ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील इतकं घालून चार्जिंगला लावा. बॅटरी पूर्ण भरल्यावर सहाही सेलमध्ये हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावून बघा. १.२४० च्या आसपास आकडा हवा. पाच सेल तिथे आणि एकच १.१८० ला अडकला असेल, तर तो सेल गेला. वॉरंटी कार्ड शोधा. सगळेच सारखे खाली असतील, तर इन्व्हर्टरवर काहीही न चालवता, जिथे दिवसभर लाईट टिकते अशा ठिकाणी बॅटरी सलग चोवीस तास चार्जिंगला लावून घ्या. बऱ्याचदा निम्मं काम त्यातच होतं.

खरा फरक पंख्यांनी पडेल. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा, कमी वीज खाणारा पंखा) ३० च्या आसपास. तुमचा आजचा लोड ३७५ वॅटच्या घरात आहे, म्हणजे नवी बॅटरीसुद्धा अडीच तासच देईल. तिन्ही पंखे बदलले की लोड २४० वर येतो आणि तीच बॅटरी चार तासांपर्यंत जाते. बॅटरीपेक्षा पंख्यांवरचा खर्च मला जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण त्याने बिलही उतरतं.

बॅटरी देवघराखालच्या बंद कपाटात ठेवू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो; वर निरांजन आणि खाली कोंडलेला गॅस असा धोका पत्करू नये.

प्रश्न (वाळवा तालुका, जि. सांगली) : उसाला पाणी देणारी ५ एचपीची मोटर वर्षात दोनदा जळाली. लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच आहे, फेज गेला की ती बंद करणारा प्रिव्हेंटरही आहे. तरी का जळते?

उत्तर : बहुतेक सिंगल फेजिंगमुळे. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) एक फ्युज गेला की उरलेल्या दोन फेजवर जवळपास पावणेदोन पट करंट येतो. स्वस्त प्रिव्हेंटर फक्त व्होल्टेज बघतो, आणि चालू मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, म्हणून तो फसतो. करंट बघणारा प्रिव्हेंटर बसवा.

स्टार्टरचा ओव्हरलोड रिलेही तपासा. सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी तो वर चढवून ठेवलेला असतो. मोटर थेट लाईनवर सुरू करणाऱ्या साध्या डीओएल स्टार्टरमध्ये तो नेमप्लेटवरच्या अँपियरइतकाच हवा. मोटर आधी कमी व्होल्टेजवर उठवणाऱ्या स्टार-डेल्टामध्ये रिले सहसा त्याच्या ५८ टक्क्यांवर लावतात.

थ्री फेज आलं की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना प्रत्येक मोटर सहापट करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं आणि फ्युज उडतो. मग सिंगल फेजिंग आलंच. म्हणून शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाने ऑटोचा टायमर वेगळा लावावा, एकाचा एक मिनिट, दुसऱ्याचा दोन, असा. सोबत २ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवला तर लाईनवरचा करंट उतरतो. डीपीत फ्युजऐवजी जाड तार मात्र कोणालाही घालू देऊ नका. त्यात सगळ्यांच्याच मोटरी जातात.

प्रश्न (पाटण, जि. सातारा) : कोयना प्रकल्प आमच्याच तालुक्यात, तरी पावसात लाईट आठ-आठ तास नसते. फ्रिजमधल्या इन्सुलिनचं काय करावं?

उत्तर : कोयनेची १,९६० मेगावॅट क्षमता मोठ्या वाहिन्यांवरून राज्यभर जाते. तुमच्या गावाला येणारी ११ केव्हीची लाईन झाडीतून येते आणि फांदी पडली की तुटते. तक्रार १९१२ वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. वापरात असलेली बाटली किंवा पेन ३० अंशांखाली बहुतेक चार आठवडे टिकतं. नेमका कालावधी खोक्यावर छापलेला असतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं. लाईट लवकर येणार नसेल तर ते कोरड्या डब्यात घालून डबा पाण्याच्या माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवा. तिथे ८ अंश मिळणार नाहीत, पण उष्णता लागत नाही. मात्र ते बाहेर काढल्याची तारीख डब्यावर लिहा आणि तेच आधी वापरा. बर्फाला थेट टेकवू नका, कारण गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. पारदर्शक इन्सुलिन गढूळ दिसलं तर टाकून द्या.