लांबलचक इंग्रजी शब्द पाठ करावेत का? एका मेडिकलवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय की स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे, मित्रानं विचित्र इंग्रजी शब्दांची यादी पाठवलीय, त्यांचे अर्थ काय आणि ते पाठ केले तर मुलाखतीत छाप पडेल का.

नाही पडत. पडत असती तर आमचे दाजी आज कलेक्टर असते.

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. दिवसभर लांब नावंच हाताळतो, आणि त्यातलं एकही मी कधी पाठ केलेलं नाही. नावाचा शेवट बघायचा. शेवटी 'सार्टन' आलं की बीपीची गोळी, 'प्रॅझॉल' आलं की ॲसिडिटीची, 'स्टॅटिन' आलं की कोलेस्टेरॉलची. एखाददुसरा अपवाद सोडला तर पुढचं काही का असेना. (पेशंट तर यातलं काहीच म्हणत नाही, तो म्हणतो 'ती लाल पाकिटातली द्या', आणि त्याचं काही अडत नाही.)

तर २०२३ चा अधिक श्रावण. ताई-दाजींना धोंड्याला बोलावलेलं. दाजी पुण्यात कंपनीत आहेत, आणि मराठवाड्यातल्या पोरांचं इंग्रजी कच्चं असतं हे त्यांचं आवडतं वाक्य. लग्नापासून ऐकतोय. पाटावर बसले, समोर तेहतीस अनारसे, पुरणाच्या धोंड्यांवर तुपाची धार पडायलीय, आणि तेवढ्यात मला विचारतात, "काय मेडिकलवाले, नावानं सगळ्यात मोठा आजार कोणता, सांगा बरं?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच एका दमात म्हणून मोकळे: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस.

आई म्हणाली, "अगं बया, आता ह्यो कोणता रोग निघालाय?"

मी म्हणलं, "दाजी, हा सिलिकोसिसच आहे की."

"छे छे! तो साधा. हा ज्वालामुखीच्या राखेचा. मेडिकलवाल्यांना असलं माहीत नसतं."

पाव्हणे हसले. मी पुढं बोलणार तर अण्णांनी डोळे वटारले. धोंड्याच्या ताटावर बसलेल्या जावयाला उलट बोलायचं नसतं. तिथं गिळलं ते इथं लिहितो.

हा शब्द कुठल्या डॉक्टरानं ठेवलेला नाही. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेची सभा भरली होती. तिचा अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यानं सगळ्यात लांब शब्द हवा म्हणून तो जुळवला. इंग्रजीत ४५ अक्षरं. पुढं ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत गेला, पण चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रामायक्रोस्कोपिक म्हणजे साध्या मायक्रोस्कोपखालीही न दिसणारं, सिलिको म्हणजे सिलिका, व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी, कोनि म्हणजे धूळ, ओसिस म्हणजे आजार. थोडक्यात, सिलिकाची बारीक धूळ छातीत जाऊन फुप्फुस निकामी होणं. दगड फोडणाऱ्या, खाणीत राबणाऱ्या माणसाला होतो तो हाच, आणि त्याला सिलिकोसिस म्हणतात. ज्वालामुखी लांबी वाढवायला घातलाय, दाजी.

तुमच्या यादीतले बाकीचेही असेच तोडा. अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम, २८ अक्षरं. एस्टॅब्लिश म्हणजे इंग्लंडच्या चर्चला असलेला सरकारी दर्जा, डिस म्हणजे तो काढून घेणं, अँटी म्हणजे काढून घ्यायला विरोध. झालं. हिप्पोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडालिओफोबिया म्हणजे लांब शब्दांची भीती. पण तो थट्टेतला शब्द आहे, पाणघोडा त्यात उगाच घुसवलाय. त्यातलं 'सेस्क्विपेडालि' मात्र अस्सल. दोन हजार वर्षांपूर्वी होरेस नावाच्या रोमन कवीनं फुगवलेल्या शब्दांना 'दीड फुटी' म्हणून हिणवलं होतं, ते तिथून आलंय. म्हणजे दाजींसारखी माणसं तेव्हाही होती.

पेट्रिकोर तेवढा जरूर लक्षात ठेवा. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की सुटतो तो वास. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं. लांब नाही, पण कामाचा आहे, आणि जूनमध्ये आपल्याकडं त्या वासाची वाट सगळेच बघतात.

मुलाखतीत मात्र यातलं काही काढू नका. समोरचा विचारील, 'हा कुठं वापरता?' मग काय सांगणार?

हां, एक राहिलं. लेखी परीक्षेत अनेक शब्दांसाठी एक शब्द असा प्रश्न येतो, तिथले शब्द पाठ करावेच लागतात, त्याला इलाज नाही. पण ते वेगळे, जुन्या प्रश्नपत्रिका चाळल्या की सापडतात. आणि जीभ वळवायला म्हणून घरी मोठ्यानं म्हणत असाल तर माझी ना नाही.

चारचौघांत म्हणून दाखवायची हौसच असेल तर फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन घ्या. अर्थ, एखादी गोष्ट कवडीमोल समजणं. २९ अक्षरं. हाही शाळेतल्या लॅटिनच्या शब्दांवरून गमतीनं जुळवलेलाच, पण १७४१ साली विल्यम शेनस्टोन या इंग्रज कवीनं पत्रात खराखुरा वापरलाय. एका माणसाला पैशाची पर्वा नव्हती, त्याचं कौतुक करताना. आमच्या दाजींना तो लागू पडत नाही. धोंड्याला अंगठी किती ग्रॅमची करताय, हे त्यांनी ताईमार्फत आधीच विचारून घेतलं होतं.