शेअरची सीट की ॲपची गाडी? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शेअर टॅक्सी आणि शेअर रिक्षांविषयी प्रश्न मागवले होते. प्रवाशांइतकीच पत्रं चालकांचीही आली. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. सीटचे दर उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या लाईनचा (ठरलेल्या शेअर मार्गाचा) दर घालून तेच गणित कुणालाही करता येईल.

प्रश्न : चर्चगेटहून नरिमन पॉइंटला रोज शेअर टॅक्सीने जाते. कधी सीट भरेपर्यंत थांबावं लागतं, कधी एकटीकडून चार सीटचे पैसे मागतात. हे भाडं ठरवतं कोण? आणि ॲपपेक्षा ते खरंच स्वस्त आहे का?
– नोकरदार वाचक, डोंबिवली

शेअर टॅक्सी हा चालकांनी काढलेला जुगाड आहे, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २(७) मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की सहापर्यंत प्रवासी नेणाऱ्या मोटार कॅबने प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेतलं तरी ती कंत्राटी वाहतूकच, म्हणजे नेहमीची भाड्याची गाडीच, धरायची. मात्र मार्ग, स्टँड आणि सीटचा दर मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरणाने मंजूर केलेला हवा. स्टँडवर दराचा फलक असेल तर त्यावर प्राधिकरणाचा किंवा आरटीओचा उल्लेख आहे का, ते पाहा. नुसतं युनियनचं नाव असलेला फलक हा त्यांचा आपसातला ठराव असू शकतो. जादा पैसे घेतले तर फलकाचा फोटो, गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ एवढं घेऊन आरटीओकडे लेखी तक्रार करा. परमिटच्या अटींचा भंग झाला तर कलम ८६ खाली परमिट निलंबित होऊ शकतं. ‘चालक उद्धट होता’ एवढ्याच तक्रारीवर काही होत नाही. नंबर आणि वेळ असेल तर हालचाल होते.

एकटीने चार सीटचे पैसे देऊ नका. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये आहे. म्हणजे तीन किलोमीटरचं मीटर ६२ रुपये होतं. सीट २० रुपयांची असेल तर चार सीटचे ८० होतात. पूर्ण गाडी हवी असेल तर शेअरच्या रांगेतून बाहेर या आणि मीटरची टॅक्सी धरा. तिघे बसलेत आणि चौथा येत नाही, अशा वेळी चौथ्या सीटचे २० तिघांत वाटून घ्यायची जुनी रीत आहे. माणशी सात रुपये जास्त जातात आणि गाडी लगेच सुटते. सकाळी साडेनऊला याची गरज पडत नाही, अकरानंतर पडते.

स्वस्ताईचं म्हणाल, तर एकट्या माणसासाठी सीटच्या आसपास येईल असा दर टॅक्सीच्या ॲपला परवडतच नाही. या लाईनचा गिऱ्हाईक खरं तर बेस्टने आणि मेट्रोने खेचला. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान तिकीट पाच रुपयांवर आणलं होतं. मे २०२५ मध्ये ते दहा झालं, तरी सीटपेक्षा कमीच आहे. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ कफ परेडपर्यंत धावते आहे आणि तिचं विधान भवन स्थानक नरिमन पॉइंटच्या तोंडाशीच आहे.

प्रश्न : स्टेशनच्या लाईनवर शेअर रिक्षा चालवतो. दुपारी नंबर यायला फार वेळ लागतो. पोरं म्हणतात ॲप लाव. लाईन सोडून ॲपवर जावं का?
– रिक्षाचालक, ठाणे जिल्हा

लाईन सोडू नका, पण दिवसभर तिला चिकटूनही बसू नका. हिशेब तासाचा करा, फेरीचा नको.

समजा लाईन तीन किलोमीटरची आहे आणि सीट २० ची. तीन सीटचे ६० झाले. गर्दीच्या वेळी भरायला दोन मिनिटं, जायला बारा, परत यायला दहा, म्हणजे चोवीस मिनिटांचा फेरा. तासाला दीडशे सुटतात, परतीला एखादी सीट मिळत गेली तर दोनशे. दुपारी तीच रिक्षा भरायला वीस मिनिटं घेते. फेरा बेचाळीस मिनिटांचा होतो आणि तासाला जेमतेम ८६ रुपये पडतात.

आता ॲप. पाच किलोमीटरचं भाडं मीटरप्रमाणे (२६ रुपये किमान, पुढे किलोमीटरला १७.१४) ८६ रुपये होतं. फोन वाजायची वाट पाहण्यात दहा मिनिटं, सवारीपर्यंत पोहोचायला सात, ती खाली उतरेपर्यंत तीन, प्रवास वीस. एकूण चाळीस मिनिटं. तासाला १२९, आणि वीस टक्के कमिशन कापलं तर १०३. म्हणजे दुपारी ॲप पुढे, सकाळ-संध्याकाळी लाईन पुढे. बहुतेक उपनगरी लाईनींवर चित्र असंच दिसेल. पण आपले आकडे आपण काढा. पंधरा दिवस वहीत पाच रकाने ठेवा : वेळ, रिकामे किलोमीटर, भरलेले किलोमीटर, पैसे, सीएनजी.

यात एक मेख आहे. ॲपची सवारी सोडून दर वेळी स्टँडवर परत आलात तर सगळा फायदा जातो. दीड किलोमीटर रिकामे जायला, पाच भरलेले, पाच रिकामे परत, म्हणजे साडेअकरा किलोमीटरला ८६ रुपये, किलोमीटरला साडेसात. तिथेच थांबून पुढचं भाडं घेतलं तर साडेसहा किलोमीटरला तेच ८६, म्हणजे तेरा रुपये. म्हणून दुपारचे तीन-चार तास स्टँड विसरायचा आणि चारनंतर घराच्या दिशेचंच भाडं घेत लाईनवर यायचं. काही ॲपमध्ये ठरावीक दिशेचीच भाडी घेण्याची सोय असते, ती वापरा.

कमिशनऐवजी रोजची फी घेणारी ॲप आता रिक्षांसाठी बरीच आहेत. फी किती भाड्यांत वसूल होते ते पाहा. ८६ च्या भाड्यावर कमिशनचे सतरा रुपये वाचतात. फी समजा ३५ असेल तर तिसऱ्या भाड्यापासून फायदा सुरू. दिवसाला दोनच भाडी घेणार असाल तर कमिशनचं ॲप बरं.

बिघडतं कुठे, तर या ठिकाणी. लाईनमध्ये दोन सीट बसलेल्या असताना फोन वाजतो, घाईत भाडं घेतलं जातं आणि मग रद्द करावं लागतं. असं चार-पाच वेळा झालं की चांगली भाडी यायची बंद होतात, वर दंड. नंबर दुसऱ्या-तिसऱ्यावर आला की ॲप ऑफलाईन करा. दुसरं, स्टेशनजवळ नकाशातली खूण हमखास रुळांच्या चुकीच्या बाजूला पडते. सवारी पूर्वेला उभी आणि खूण पश्चिमेला. पुलावरून वळसा घालण्यात पंधरा मिनिटं आणि भाडंही जातं. भाडं घेतल्याघेतल्या फोन करून ‘पूर्वेला की पश्चिमेला?’ एवढंच विचारा. तिसरं, रोखीच्या भाड्यांवरचं कमिशन खात्यात उणे चढत राहतं आणि ठरलेल्या मर्यादेला आयडी (ॲपवरचं चालकाचं खातं) बंद पडतो, तोही बरोबर संध्याकाळी. रोज रात्री शिल्लक बघा. चौथं, गाडी मालकाची असली तरी आयडी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या बॅजवर काढा. दुसऱ्याच्या आयडीवर चालवाल तर चेहरा पडताळणीत अडकाल.

आणि स्टँडच्या रांगेतून ॲपचं भाडं उचलू नका. भांडणं तिथूनच पेटतात. शंभर पावलं पुढे जाऊन उचला.

प्रश्न : शेअर रिक्षात चालकाशेजारी चौथा बसवतात. अपघात झाला तर त्याला भरपाई मिळते का?
– वाचक, कल्याण

रिक्षाचं परमिट तीन प्रवाशांचं आणि विमाही तिघांचाच. क्षमतेपेक्षा जास्त माणसं असलेल्या वाहनाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये निकाल दिला. त्यानुसार विमा कंपनीची जबाबदारी परवानगी असलेल्या संख्येपुरतीच राहते. तेवढ्या संख्येचे सगळ्यात मोठे दावे धरून कंपनीने रक्कम भरायची, ती सगळ्या जखमींत प्रमाणात वाटायची आणि उरलेलं मालकाकडून वसूल करायचं. म्हणजे चौथा बसला की नुकसान त्याच्या एकट्याचं होत नाही, मागे नीट बसलेल्या तिघांच्या वाट्यालाही हात लागतो. ‘बसू दे ना, दोन मिनिटांचा तर रस्ता’ म्हणताना हे लक्षात असू द्या. शिवाय चौथा असला की चालकाचा कोपर हँडलच्या आतच अडकतो आणि वळण त्याला पूर्ण घेता येत नाही.

शेअरला तिकीट नसतं, त्यामुळे आपण त्या गाडीत होतो हे सिद्ध करणं हीच पहिली अडचण असते. यूपीआयने पैसे दिले तर वेळेची नोंद राहते, पण बहुतेक जण पैसे उतरताना देतात. म्हणून रात्रीच्या वेळी बसतानाच नंबरप्लेटचा फोटो घरी पाठवा. अपघात न्यायाधिकरणात दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा.

प्रश्न : ॲपवरही पूर्वी शेअरची सोय होती. ती का गेली?
– वाचक, पुणे

ओला आणि उबर दोघांनीही ती मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी थांबवली. दुखणं मात्र आधीपासूनचं होतं. स्टँडवरचे चौघे एका जागी चढतात आणि एकाच रस्त्याने उतरत जातात. ॲपवरचा प्रत्येक जण आपल्या सोसायटीच्या गेटवर चढतो. दर माणसामागे वळण, यू-टर्न आणि वॉचमनशी बोलणं आलं, पाच-सात मिनिटं सहज जातात. तिसरा चढेपर्यंत पहिल्याचा पारा चढलेला असतो. चालकाला किलोमीटर जास्त पडतात आणि रेटिंगचे तारेही तोच गमावतो. माणसं एका जागी गोळा करणं हेच शेअरचं अर्धं काम आहे आणि ते स्टँड फुकटात करतो.

प्रश्न : आमच्या तालुक्यात वडाप (शेअरची जीप) कमी होत चालली आहे. ॲपवाले इथे का येत नाहीत? ते आले तर सोय होईल का?
– शिक्षक, सांगली जिल्हा

तालुक्याहून गावात सोडायला गेलेली ॲपची गाडी परत रिकामी येईल. ते रिकामे किलोमीटर भाड्यात धरले तर गावचा माणूस बसणार नाही, न धरले तर चालक येणार नाही. वडापचा ट्रॅक्स किंवा क्रूझर (विदर्भ-मराठवाड्यात यांनाच काळी-पिवळी म्हणतात) हे गणित गाडी भरूनच सोडवतो. सहाहून जास्त आणि बारापर्यंत प्रवासी असतील तर कायद्याच्या भाषेत ती मॅक्सीकॅब.

‘भरल्याशिवाय हलत नाही’ ही तक्रार खरी आहे, पण कारण साधं आहे. स्टँडवर तासाला वीस माणसं येत असतील तर दहा सीट भरायला अर्धा तास लागतो. पहिला बसलेला तीस मिनिटं ताटकळतो, शेवटचा पळत येऊन बसतो आणि निघतो. माणसं वीसची बारा झाली की तोच वेळ पन्नास मिनिटांवर जातो. मग आणखी काही जण मोटरसायकल काढतात आणि वाट अजून लांबते.

ही माणसं घटवली कुणी? एसटीने. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. बाजारच्या दिवशी वडापमध्ये कोण बसायचं ते आठवा, म्हणजे उत्तर मिळेल. एसटीची वेळ चुकते तिथे आणि तेव्हाच वडापला जागा आहे : पहाटे, रात्री सातनंतर आणि मुक्कामी गाडी नसलेल्या गावांना.

ॲपची वाट पाहण्यापेक्षा मार्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप करा. चालकाने सुटण्याआधी वीस मिनिटं ‘सहा सीट झाल्या, चार बाकी’ एवढं टाकलं तरी लोक घरून निघण्याची वेळ जुळवतात. अशा ग्रुपमध्ये सुविचार आणि राजकारण सुरू झालं की आठवड्यात तो बंद पडतो. म्हणून फक्त चालकांनाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा.

प्रश्न : पावसात ॲपचं भाडं वाढतं. शेअरवाल्यांनाही वाढवता येतं का?
– वाचक, मुलुंड

नाही. मंजूर सीटदर पावसातही तोच राहतो. ॲपबाबत राज्याच्या मे २०२५ च्या धोरणात मूळ दराच्या दीडपटीची कमाल मर्यादा आहे आणि सूटही पंचवीस टक्क्यांहून जास्त देता येत नाही.

प्रश्न : दादरहून पुण्याला शेअर टॅक्सीने जावं की कारपूलच्या ॲपवरून खासगी गाडीने? कारपूल स्वस्त पडतं.
– वाचक, ठाणे

स्टँडवरच्या टॅक्सीला पुण्याहून परतीची माणसं रांगेतून मिळतात, म्हणून तिचा सीटचा दर एकट्याने केलेल्या बुकिंगपेक्षा खूप खाली राहतो. एक्स्प्रेसवेचा मोटारीचा टोलही चौघांत वाटला जातो. कारपूल याहून स्वस्त दिसतं, कारण ती गाडी तशीही जाणारच असते आणि मालक इंधनापुरते पैसे मागतो.

पण काही पांढऱ्या प्लेटच्या गाड्या रोज दोन खेपा करतात आणि त्यांना कारपूल म्हणणं धाडसाचं आहे. खासगी गाडीच्या विम्यातून भाड्याने केलेली वाहतूक वगळलेली असते. अपघात झाला तर कंपनी नेमकं तेच कलम पुढे करते. चालकाच्या प्रोफाइलवर जुन्या फेऱ्या पाहा. आठवड्याला एक-दोन असतील तर तो आपल्या कामाला जाणारा माणूस. रोज सकाळी सहा आणि दुपारी दोन अशा ठरलेल्या वेळा दिसल्या, तर तो परमिटशिवाय टॅक्सीच चालवतो आहे. मग पिवळ्या प्लेटच्या गाडीत बसलेलं बरं, सीटला शंभर-दीडशे जास्त गेले तरी.