गोव्याच्या दुकानाचे बिल असूनही महाराष्ट्रात गुन्हा का दाखल होतो?

आपण विचारले आहे की, ३१ डिसेंबर साजरा करून गोव्याहून पुण्याला परतताना मित्राच्या गाडीत बिलासह घेतलेल्या सहा बाटल्या असतील तर गुन्हा दाखल होऊ शकतो का, आणि एका राज्यात चालणारी गोष्ट दुसऱ्या राज्यात गुन्हा कशी ठरते. होय, दाखल होऊ शकतो. मी सिंधुदुर्गात वकिली करतो. जानेवारीत या कारणासाठी माझ्याकडे जे येतात, त्यांच्यात सराईत तस्कर थोडे आणि बिल जपून ठेवलेली नोकरदार मुले अधिक असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मादक मद्य हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो. त्यामुळे प्रत्येक राज्य त्यासंबंधी स्वतःचा कायदा करते आणि स्वतःचे शुल्क आकारते. आपल्या बिलावरून गोव्याचे शुल्क भरले गेले एवढेच सिद्ध होते, महाराष्ट्राचे नव्हे. बाटलीवरचे लेबल नीट वाचले तर ती केवळ गोव्यात विक्रीसाठी असल्याचे त्यावर छापलेले आढळेल. गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी ओलांडून आपण सिंधुदुर्गातील बांद्याच्या हद्दीत आलात की महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू होतो, आणि परवान्याशिवाय परराज्यातून मद्य आणणे किंवा त्याची वाहतूक करणे हा त्याच्या कलम ६५ खाली गुन्हा आहे. विमानात सामानातून ठरावीक मर्यादेपर्यंत मद्य नेता येते, हा पुष्कळांचा आधार असतो. पण तो विमानवाहतुकीचा नियम आहे, त्याने राज्याचा हा दारूबंदी कायदा बाजूला पडत नाही.

नाक्यावर डिकी उघडली जाते, बाटल्या मोजून मांडल्या जातात, दोन पंचांसमोर पंचनामा होतो, नमुन्याच्या बाटलीला सील लावून तिच्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवली जाते. माणसे खचतात ती यानंतर, कारण बाटल्यांबरोबर गाडीही मुद्देमाल म्हणून जप्त होऊ शकते. गाडी मित्राच्या वडिलांच्या नावावर असेल तर ती सोडवण्यासाठी अर्ज त्यांना करावा लागतो, आणि काही हजारांच्या मद्यापायी घरातली गाडी आवारात उन्हापावसात उभी राहते. माझ्या मते या कायद्याचा खरा फटका दंडापेक्षा इथेच बसतो.

मद्यपान करून गाडी चालवण्याचा गुन्हा मात्र राज्यागणिक बदलत नाही, कारण मोटार वाहन अधिनियम हा केंद्राचा कायदा आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, हे पणजीतही तेच आणि पुण्यातही तेच. मद्यपानाचे वय मात्र वेगळे आहे. गोव्यात ते १८ आहे, तर महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५. शिवाय महाराष्ट्रात पिण्याचा परवानाही लागतो, ज्याची आठवण सहसा कोणालाच नसते.

राज्यांमधील फरक किती टोकाला जाऊ शकतो हे गुजरातकडे पाहून कळते. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा मुंबई राज्याचा हाच १९४९ चा कायदा दोघांच्याही वाट्याला आला. महाराष्ट्राने तो परवान्यांच्या वाटेने सैल केला, गुजरातने मात्र दारूबंदी कायम ठेवली आणि २०१७ साली विक्री व वाहतुकीसाठी दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. शेजारच्या केंद्रशासित दमणमध्ये उघडपणे विकत घेतलेली बाटली काही किलोमीटरवर गुजरातमधील वापीकडे नेली, तर त्या शिक्षेच्या कक्षेत येता येते.

आपली गाडी अडवली गेलीच तर बाटल्या लपवू नका, वाद घालू नका. पंचनाम्यातील बाटल्यांची संख्या स्वतः मोजा आणि वाचल्याशिवाय सही करू नका. अटक झाल्यास कारण सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणेही. गाडीमालक सोबत नसतील, तर पहिला फोन त्यांना करा, कारण गाडीच्या अर्जासाठी नोंदणीची मूळ कागदपत्रे त्यांच्याकडेच असतील.