वाचकांचे प्रश्न : शापित पाटल्या आणि अदृश्य राक्षस

प्रश्न : आम्ही हौशी नाट्यकर्मी जुन्या घरात भयपट करीत आहोत. पिढीजात शापित पाटल्या आणि त्यांच्यामागून येणारा राक्षस, अशी कथा आहे. संगणकीय दृश्यांसाठी पैसे नाहीत. राक्षस दाखवावा कसा?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : शक्य तितका दाखवूच नका, असे मी कळकळीने सुचवीन. १९८१ च्या ‘द ईव्हिल डेड’ या भयपटात दिग्दर्शक सॅम रायमी यांनी कॅमेरा फळीवर बसवून जमिनीलगत रानातून धावत नेला आणि दुष्ट शक्ती दिसण्याआधीच तिची नजर प्रेक्षकांना जाणवली. हा उपाय तुम्हालाही परवडेल. शिवाय गोव्यातील जुन्या घरांत शिंपल्यांची तावदाने असतात. त्यांतून उजेड झिरपतो, पण बाहेरचा माणूस ओळखू येत नाही. तिथे कंदील घेऊन कोणी हळूहळू सरकले, तरी पुरे.

खरा जीव मात्र पाटल्यांत ओता. त्या घातल्यावर काय घडते आणि त्या उतरतात केव्हा, हा नियम आधी पक्का करा आणि शेवटपर्यंत मोडू नका, कारण नियम सैल पडला की भीती ओसरते. साबणाचा फेस लावूनही पाटली मनगटावरून सुटत नाही, कातडी लाल होते आणि दारापलीकडून सासूबाई शांतपणे हाक मारतात, हे दृश्य जवळून, घाई न करता घ्या.

चित्रीकरण पावसाळ्यात असल्यास संवाद नंतर ध्वनिमुद्रित करा. कौलांवरच्या सरींत ते ऐकू येणार नाहीत.