गोठ्यातल्या बाटलीचे त्रैराशिक कुत्र्याला लावू नका

नमस्कार. बदलीमुळे नाशिकहून गुवाहाटीला जाताना १४ किलोच्या कुत्र्याला हार्टवर्म या डासांतून पसरणाऱ्या हृदयातल्या जंतापासून वाचवण्यासाठी, गोठ्यातल्या १ टक्का आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाच्या बाटलीतून ०.२८ मिली तोंडावाटे द्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. हा ०.२८चा आकडा कुठून आला, हे मला लगेच कळले. गुरांच्या बाटलीवर ५० किलोला १ मिली असे प्रमाण असते. त्याला त्रैराशिक लावले की नेमके तेवढेच उत्तर येते. सात वर्षांपूर्वी माझ्या १८ किलोच्या भुऱ्यासाठी मी हेच गणित मांडले होते आणि माझे उत्तर ०.३६ मिली आले होते. गणित बरोबर होते आणि तरीही कुत्रा मरता मरता वाचला.

मी पशुवैद्य नाही, त्यामुळे पुढचे सगळे एका पोळलेल्या माणसाचे बोलणे समजून वाचावे आणि प्रत्यक्ष मात्रा कुत्र्याला हाताळून पाहणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्यावी.

गुरांसाठीचे प्रमाण म्हणजे किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. कुत्र्याला हार्टवर्म होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा जे आयव्हरमेक्टिन देतात, ते किलोमागे फक्त ६ मायक्रोग्रॅम असते. म्हणजे तुम्ही देऊ पाहता ती मात्रा ३३ पट आहे. १ टक्का द्रावणाच्या एका मिलीत १० मिलिग्रॅम, म्हणजेच १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते आणि तुमच्या कुत्र्याची गरज ८४ मायक्रोग्रॅमची आहे. तेवढ्यासाठी ०.००८४ मिली मोजावे लागेल. एक मिलीच्या सिरिंजवरची सर्वांत लहान रेघ ०.०१ मिलीची असते, तेव्हा एका रेघेपेक्षाही कमी औषध घरी कोण आणि कसे मोजणार? पाण्यात मिसळून पातळ करण्याचा सल्लाही कुणीतरी देईलच, पण हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे कोणत्या थेंबात किती औषध गेले याचा भरवसा राहत नाही.

आता माझी चूक सांगतो. भुऱ्याच्या मानेवरचे दाट केस आणि लांबट तोंड पाहून त्याच्यात कॉली या विलायती मेंढपाळ जातीचे रक्त आहे, असे सगळेच कौतुकाने म्हणत; त्या कौतुकाचा औषधाशी काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरातील अनेक कुत्र्यांच्या एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असतो. मेंदूत शिरू पाहणारे औषध बाहेर ढकलणारी यंत्रणा त्यामुळे त्यांच्यात काम करत नाही. अशा कुत्र्याला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम सोसते. १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे विषबाधेची खरी भीती असते. मी २०० दिले होते, तेही भाकरीच्या तुकड्यावर आणि मोठ्या समाधानाने.

औषध देण्यापूर्वी मी काहीच विचारले नाही, असेही नाही. जिथे त्याच्या सगळ्या लसी झाल्या होत्या, त्या दवाखान्यात फोन केला होता. «वजनाप्रमाणे द्या, काही होत नाही», एवढेच उत्तर मिळाले. कोणते औषध, किती टक्क्यांचे, कशासाठी, कुत्रा कोणत्या जातीचा, यांपैकी एकही प्रश्न पलीकडून आला नाही. संध्याकाळी भुऱ्याचे मागचे पाय लटपटू लागले, लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आणि तो भिंतीवर जाऊन आपटू लागला, कारण त्याला दिसतच नव्हते. पुन्हा फोन केला, तेव्हा «गुंगी आहे, झोपू द्या, सकाळी आणा» असे सांगण्यात आले. ती अख्खी रात्र आम्ही वाया घालवली आणि त्याबद्दल मी त्या दवाखान्याला आजही माफ केलेले नाही. सकाळी मी औषधाचे नाव आणि मात्रा सांगूनही केसपेपरवर «विषबाधेचा संशय» एवढेच लिहिले गेले, त्यामुळे दुसऱ्या दवाखान्यात सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले. यावर खात्रीचा उतारा नाही. सलाईन, अंग गरम ठेवणे, दर काही तासांनी कूस बदलणे आणि पापण्या मिटत नसल्याने डोळ्यांत मलम घालणे, असे चार दिवस चालले. सहाव्या दिवशी त्याने माझ्या हाताकडे पाहिले.

तुमचा दुसरा प्रश्न असा, की दर तीन महिन्यांनी जंताची गोळी चालू असताना आणखी काही लागते का. लागते. बाजारातील नेहमीच्या एकत्रित गोळीत प्राझिक्वांटेल ५०, पायरँटेल पामोएट १४४ आणि फेबँटेल १५० मिलिग्रॅम असते आणि १० किलोला एक गोळी हे तिचे प्रमाण आहे. ती आतड्यातल्या जंतांसाठी आहे, हार्टवर्मशी तिचा संबंध नाही. ईशान्य भारतात हार्टवर्म खरोखरच आढळतो, तेव्हा तुमची काळजी अनाठायी नाही. डासातून आलेल्या अळ्या प्रौढ व्हायला सहा-सात महिने घेतात आणि महिन्याची मात्रा मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारते. त्यामुळे पोहोचल्यापासून महिन्याच्या आत सुरुवात करावी आणि खंड पाडू नये. त्याआधी रक्त मात्र तपासून घ्यावे, कारण रक्तात आधीच अळ्या असतील तर त्या एकदम मेल्याने कुत्र्याला झटका बसू शकतो. तपासणीत प्रौढ मादी जंताचा अंश सापडतो, म्हणून सात महिन्यांनी ती पुन्हा करावी. हार्टवर्मसाठीच्या आयव्हरमेक्टिनच्या चघळण्याच्या गोळ्या वजनगटानुसार मिळतात: ११ किलोपर्यंत ६८, १२ ते २२ किलोला १३६ आणि २३ ते ४५ किलोला २७२ मायक्रोग्रॅम. तुमचा कुत्रा मधल्या गटात बसतो. मोठ्या कुत्र्याची गोळी स्वस्त पडते म्हणून तिचे तुकडे करू नयेत, कारण औषध प्रत्येक तुकड्यात सारखेच असेल असे नाही.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माणसांची १२ मिलिग्रॅमची आयव्हरमेक्टिन गोळी तर आणखी वाईट: तुमच्या कुत्र्याला ती किलोमागे साडेआठशे मायक्रोग्रॅमहून जास्त होते. शाळेत मुलांना जंतनाशक दिनी मिळालेली ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल उरली म्हणून कुत्र्यालाही घालू नका. कुत्र्यांच्या अस्थिमज्जेवर तिचा वाईट परिणाम झाल्याची उदाहरणे आहेत. शेपटीखाली तांदळासारखे तुकडे दिसत असतील, तर गोळीसोबत पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर पट्टकृमी महिन्या-दोन महिन्यांत परत येतात. कॉलीचा जराही संशय असेल तर जुलाबासाठी घरातली लोपेरामाइडची गोळीसुद्धा देऊ नका. कारण तेच जनुक.

तुमच्या कुत्र्याची जात तुम्ही लिहिलेली नाही. आईबापांपैकी कुणी कॉलीसारखे दिसत होते का, ते आठवून पाहा आणि गुवाहाटीच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत, त्यांनी विचारले नाही तरी, सांगा.