सोलरचं पाणी सकाळी कोमट येतंय? ट्यूबा बदलण्याआधी टाकीचा कॉक बंद करून बघा

तुम्ही लिहिलंय की वर्षभरापूर्वी पुण्यात अकरा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतला. माहितीपत्रकात 'बाथरूममध्ये सोलरचं गरम पाणी' असं छापलेलं होतं, पण सकाळी सहाला दोन बादल्या सोडून दिल्या तरी पाणी कोमटच. दुपारी दोनला मात्र हात भाजेल इतकं गरम. कमिटीने गच्चीवरच्या सगळ्या ट्यूबा (उन्हात पाणी तापवणाऱ्या, दुहेरी काचेच्या आणि मध्ये व्हॅक्यूम असलेल्या नळ्या) बदलायचं कोटेशन आणलंय आणि फ्लॅटमागे वर्गणी मागितलीय. बिल्डर म्हणतो, यंत्रणा सोसायटीच्या ताब्यात दिली, आता आमचा संबंध नाही. आणि शेवटी जाता जाता एक वाक्य: 'कधीकधी गार पाण्याच्या नळालाच आधी गरम पाणी येतं.'

हे सगळं आमच्या सोसायटीनेही भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमच्या पोस्टमधलं ते शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. वर्गणीचा चेक अजून देऊ नका. ट्यूबा गेल्या असत्या तर दुपारीही पाणी तापलं नसतं. तुमच्याकडे पाणी तापतंय, पण रात्रीत आणि पहाटे कुठेतरी गार पाण्यात मिसळतंय. हे मिसळणं गच्चीवर होत नाही, कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये होतं. एका फ्लॅटमधली चुकीची जोडणी त्या उभ्या लाइनीवरच्या सगळ्या घरांचं पाणी कोमट करू शकते.

हे होतं कसं ते बघा. गरम आणि गार अशा दोन्ही लाइनी गच्चीवरून खाली येतात. दोन्हींचा दाब साधारण सारखा असतो, पण कायम सारखा राहत नाही. पहाटे पाच घरांनी गरम नळ उघडले की गरम लाइनीतला दाब उतरतो. त्या वेळी कुठेही गरम आणि गार लाइन आतून जोडलेली राहिली असेल, तर गार पाणी तिथून गरम लाइनीत घुसतं. रात्री उलटं होतं. कुणी फ्लश केला की गार लाइनीतला दाब उतरतो आणि तापलेलं पाणी फ्लशच्या टाकीत जातं. पहाटे साडेपाचला फ्लश टँकचं झाकण काढून आत बोट बुडवा. पाणी कोमट लागलं तर काल दिवसभर उन्हाने तापवलेलं पाणी कुठे गेलं ते तिथेच कळेल. वरच्या मजल्यांसाठी फक्त गार लाइनीवर प्रेशर पंप बसवला असेल, तर दुखणं आणखी वाढतं. गार पाणी गरम लाइनीतून थेट वर सोलरच्या टाकीपर्यंत चढतं. सकाळी गच्चीवरच्या एअर व्हेंटमधून (हवा जाण्यासाठी ठेवलेल्या उघड्या पाइपातून) पाणी सांडताना दिसलं तर हेच चाललंय असं समजा.

माझ्या पाहण्यात तीन ठिकाणी दोष निघतो.

पहिलं ठिकाण गीझर, आणि बहुतेक वेळा तोच. सोलरची लाइन आणि गीझरचं आउटलेट एका टीने (तीन तोंडांच्या जोडाने) जोडलेलं असतं आणि पुढे एकच पाइप नळाकडे जातो. गीझरच्या इनलेटला गार पाणी असतंच. दोन्ही कॉक उघडे राहिले की गार पाणी गीझरच्या टाकीतून सरळ सोलरच्या लाइनीत जातं. गीझर वापरताना सोलरचा कॉक बंद ठेवायचा आणि सोलर वापरताना गीझरच्या आउटलेटचा, ही पद्धत कागदावर ठीक आहे. पण घरात चार माणसं, कामाला येणाऱ्या मावशी, भाडेकरू, अशा ठिकाणी ती पाळली जात नाही. आणि कित्येक घरांत हे कॉक फॉल्स सीलिंगच्या वर असतात, म्हणजे हातच पोचत नाही.

दुसरं ठिकाण मिक्सर. मिक्सरच्या पुढे हँड शॉवर किंवा जेट लावलेलं असतं. लोक जेटचा खटका सोडतात, पण मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच ठेवतात. बाहेर पाणी येत नाही, म्हणून सगळं बंद आहे असं वाटतं. आत मात्र गरम आणि गार एकमेकांना मिळालेलं असतं. तिसरं ठिकाण सिंगल लिव्हर डायव्हर्टर, म्हणजे एकाच दांडीने गरम-गार मिसळणारा शॉवरचा नळ. त्याचं कार्ट्रिज (आतला फिरणारा भाग) झिजलं की बंद असतानाही आतल्या आत पाणी पलीकडे जातं. बाहेर थेंबही गळत नाही, त्यामुळे प्लंबरला बोलावायची वेळच येत नाही.

आता तपासणी. हिला पैसे लागत नाहीत, दोन माणसं आणि दुपारचा एक तास लागतो. तीनच्या सुमारास करा, तेव्हा वापर कमी असतो. आधी ग्रुपवर कळवून त्या लाइनीवरच्या सगळ्यांना गीझरचं मेन स्विच बंद करायला सांगा. गीझर रिकामा झाला आणि कॉइल कोरडी तापली तर जळते, म्हणून ही पायरी गाळू नका. मग गच्चीवर जाऊन तुमच्या उभ्या लाइनीचा सोलर टाकीच्या आउटलेटवरचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा. सर्वात वरच्या मजल्यावरचा एक गरम नळ उघडा ठेवा, म्हणजे हवा आत जाईल. मिक्सर असेल तर फक्त गरम बाजू उघडायची. मग सर्वात खालच्या मजल्यावर गरम नळाखाली बादली लावा. ३२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरला सुमारे ०.८ लिटर पाणी मावतं. अकरा मजल्यांची ३३ मीटर लाइन धरली तर २६-२७ लिटर, आडव्या फाट्यांचं धरून आणखी थोडं. म्हणजे दोन-तीन बादल्यांनंतर धार आटायला हवी. आटली तर तुमची लाइन निर्दोष. चौथी, पाचवी बादली भरली आणि धार तशीच राहिली, तर ते पाणी गार लाइनीतून येतंय. हात लावला की गारच लागेल.

मग डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) एकेका फ्लॅटचा गरम पाण्याचा कॉक बंद करत जा. ज्या फ्लॅटला धार थांबेल किंवा एकदम बारीक होईल, तिथे दोष आहे. एकापेक्षा जास्त फ्लॅट निघू शकतात, म्हणून एक सापडला की थांबू नका. डक्टमध्ये फ्लॅटवार कॉकच नसतील तर ते आधी बसवून घ्या. काम झाल्यावर गच्चीवरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि वरच्या मजल्यावरचे गरम नळ हवा निघेपर्यंत चालू ठेवा. नाहीतर लाइनीत हवा अडकेल आणि दुसऱ्या दिवशी 'तुम्ही होतं तेही बिघडवलंत' म्हणून फोन येतील.

ज्यांना हे करणं शक्य नाही त्यांच्यासाठी सोपी चाचणी. एका रात्री दहाला टाकीच्या आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद करा, पहाटे पाचला टाकीचं तापमान बघून उघडा. दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह उघडाच ठेवून त्याच वेळांना तापमान घ्या. बंद ठेवलेल्या रात्री पाच-सात अंश उतरलं आणि उघड्या रात्री वीसेक अंश, तर टाकीचं इन्सुलेशन ठीक आहे, पाणी खाली पळतंय. दोन्ही रात्री सारखंच खूप उतरलं तर टाकीचा पफ (इन्सुलेशनचा फोम) भिजलाय का ते बघा. आकडे अंदाजाचे आहेत, हवा आणि टाकी यांनुसार बदलतील. दोन रात्रींमधला फरक मोजायचा.

दुरुस्ती तुलनेने स्वस्त आहे. प्रत्येक फ्लॅटच्या गरम इनलेटला डक्टमध्ये कॉकच्या पुढे एक एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा), आणि गार इनलेटलाही एक. फक्त गरमला बसवला तर गार पाणी मुख्य लाइनीत जाणं थांबेल, पण गरम पाणी गार लाइनीत पळणं चालूच राहील. त्याशिवाय गीझरच्या टीपाशी सोलरच्या फाट्यावर एक आणि गीझरच्या आउटलेटवर एक, म्हणजे कॉक विसरले तरी बिघडत नाही. एनआरव्ही पितळी, झडपेचा घ्या. स्प्रिंगवाला उघडायलाच थोडा दाब लागतो, आणि सर्वात वरच्या मजल्याला टाकीपासून जेमतेम दोन-तीन मीटरचा उतार मिळतो, तिथे धार मरते. झडपेचा एनआरव्ही आडव्या पाइपात, झाकण वर करून बसतो, आणि बाण पाण्याच्या दिशेने हवा. बाण उलटा बसवलेले एनआरव्ही इतके दिसतात की प्लंबर गेल्यावर स्वतः बघायची सवय लावा.

एक सावधगिरी. गार इनलेटला एनआरव्ही आला की गीझरमधलं तापून फुगलेलं पाणी मागे जाऊ शकत नाही. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू स्थितीत हवा, आणि तापताना त्यातून चार थेंब पडले तर ते योग्यच आहे. थेंब पडतात म्हणून तो बुच मारून बंद करणारे प्लंबर मी पाहिलेत. कृपया तसं करू देऊ नका, टाकी फुटू शकते.

आता ट्यूबांचं. सगळ्या बदला म्हणणाऱ्या माणसाला गच्चीवर घेऊन जा आणि ट्यूबेचं खालचं टोक दाखवायला सांगा. चांगल्या ट्यूबेचं टोक आरशासारखं चंदेरी असतं, व्हॅक्यूम गेलेलीचं दुधी पांढरं होतं. उन्हात बाहेरच्या काचेला हात लावला तर चांगली ट्यूब फारशी गरम लागत नाही, गेलेली चटका देते. दोनशेतल्या सहा पांढऱ्या निघाल्या तर सहा बदला. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर आत क्षार साठतो, तो धुवून निघतो. टाकीला गंजण्यापासून वाचवणारा आतला मॅग्नेशियम रॉड मात्र झिजला असेल तर नक्की बदला. आणि उन्हाळ्यात पाणीकपातीच्या दिवशी टाकी रिकामी पडणार असेल तर ट्यूबांवर ताडपत्री टाका. कोरड्या तापलेल्या ट्यूबेत गार पाणी शिरलं की ती तडकते. भर दुपारी टँकर येतो आणि रांगेने ट्यूबा फुटतात, मग दोष कंपनीला.

सावलीही बघून घ्या. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशच वर असतो. ३ मीटर उंच लिफ्टरूमची सावली तेव्हा सुमारे २.७ मीटर उत्तरेला पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून कितीतरी लांब. मे महिन्यात गच्ची बघून 'सावली नाही' म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

बिल्डरच्या कार्यालयाबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. नाव घेत नाही. आमच्या सोसायटीचं सगळ्यात जास्त नुकसान ट्यूबांनी केलं नाही, त्या विक्रीपश्चात कार्यालयाच्या 'मुलगा पाठवतो' या एका वाक्याने केलं. तक्रार क्रमांक द्यायचा नाही, लेखी काही घ्यायचं नाही, मुलगा यायचा, टाकीला हात लावायचा, 'पाणी तर गरम आहे' म्हणायचा आणि सही घेऊन जायचा. दुपारी तीनला आल्यावर पाणी गरमच असणार. अशा भेटीच्या कागदावर सही करायची असेल तर त्यावर वेळ, टाकीचं तापमान आणि चौथ्या मजल्याच्या नळाचं तापमान लिहून मगच करा, आणि भेट सकाळी सहाचीच मागा.

मी वकील नाही, पण एवढं माहीत असू द्या. रेरा कायद्याच्या (घरखरेदीदारांसाठीचा स्थावर मालमत्ता नियमन कायदा) कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा करारानुसार द्यायच्या सेवांमधला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. पुनर्विक्रीत फ्लॅट घेतलेल्यांनी लक्षात घ्यावं की कायद्यातल्या व्याख्येत नंतर हस्तांतराने घेणाराही येतो. तुमचं तर वर्षच झालंय. यंत्रणा सोसायटीला सोपवली म्हणून ही जबाबदारी आपोआप संपत नाही, पण हस्तांतरपत्रावर 'सर्व यंत्रणा सुस्थितीत' असं लिहून कमिटीने सही केली असेल तर वाद वाढतो. ते पत्र मागवून वाचा. तुमचा प्रकल्प रेरात नोंदलेला आहे ना, हेही वेबसाइटवर बघून घ्या, आणि पुढचं पाऊल वकिलाला विचारून टाका.

दोष फ्लॅटमधला निघाला तर 'तो तुमचा खाजगी प्रश्न' असं उत्तर येईल. गीझरची ती टी आणि डक्टमधली जोडणी बिल्डरच्या प्लंबरने केलीय की नंतर घरमालकाने, हे इथे निर्णायक ठरतं. म्हणून काही तोडण्याआधी तारखेसह फोटो काढा, शेजारच्या दोन-तीन फ्लॅटचेही. सगळीकडे तीच जोडणी दिसली तर ती घरमालकांनी केलेली नाही हे सांगायला चांगला आधार मिळतो. मग सोसायटीच्या ईमेलवरून एकच पत्र: तापमानाची नोंद, बादल्यांची चाचणी, फोटो, कलमाचा उल्लेख, ३० दिवसांची तारीख. फोनवर काही बोलणं झालं तर त्याच दिवशी 'आज आपलं असं बोलणं झालं' अशी ईमेल टाका.

तोवर पहाटे टाकीतल्या इलेक्ट्रिक बॅकअपला (विजेच्या हीटरला) टायमर लावून घ्या, चार ते सहा पुरे. तो दिवसरात्र चालू असेल तर टाकी रात्रीच तापून बसते, दिवसा उन्हाला काम उरत नाही आणि कॉमन मीटरचं बिल चढतं. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट लागतात, त्यावरून तुमच्या टाक्यांचा हिशेब करा.

बादल्यांची चाचणी झाली की किती बादल्यांनंतर धार आटली आणि गार लाइनीवर पंप आहे का, एवढं इथे लिहा. गीझरच्या खालच्या जोडणीचा फोटोही टाका, कुठे एनआरव्ही हवा ते त्यावर खूण करून सांगतो.